फीडबॅक फॉर्म शेवटच्या आठवड्यातच का येतो?

सेमिस्टरचा शेवटचा आठवडा. सबमिशनची धावपळ, जर्नलवर सह्या घ्यायला स्टाफरूमबाहेर रांग आणि त्यातच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. ‘सर्वांनी आज संध्याकाळपर्यंत टीचर फीडबॅक फॉर्म भरावा. कम्पल्सरी आहे.’ पाठोपाठ सीआरचा मेसेज : ‘भरून टाका रे पटकन, हॉल तिकीट अडेल.’ मग कँटीनमध्ये बसून, एका हातात वडापाव धरून, दुसऱ्या हाताने सहा विषयांच्या सहा सर-मॅडमना आपण सरसकट ‘व्हेरी गुड’ देऊन टाकतो. फार तर ज्यांनी इंटर्नलला हात आखडता घेतला, त्यांना एक ‘ॲव्हरेज’. दोन मिनिटांत काम संपतं.

या दोन मिनिटांतून काय साधतं? ज्या तासाला आपल्याला काही कळलं नाही, तो तास तीन महिन्यांपूर्वी होऊन गेलेला असतो. सरांनी फॉर्म वाचला तरी बदल झाला तर तो पुढच्या बॅचसाठी होणार. आपल्या वाट्याला येते ती फक्त परीक्षा.

गंमत म्हणजे ज्या शब्दाच्या नावाखाली हे सगळं चालतं, तो ‘क्वालिटी’ हा शब्द कारखान्यातून आलाय. आणि ही चूक करू नका, असं कारखान्यांना सांगून सत्तरहून जास्त वर्षं झाली आहेत.

तपासून माल सुधारत नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे कारखाने उद्ध्वस्त झाले होते आणि जपानी मालाला जगात फारशी किंमत नव्हती. १९५०मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानमधल्या इंजिनीअर आणि उद्योगप्रमुखांना शिकवायला गेले. त्यांच्या सांगण्याचं सार सोपं होतं. माल तयार झाल्यावर शेवटी तपासनीस उभा करून खराब नग बाजूला काढलेत, तर माल सुधारत नाही. नुसता खराब माल किती निघाला ते कळतं. चांगला माल हवा असेल, तर तो तयार होत असतानाच लक्ष द्यावं लागतं. जपानने पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने डेमिंग पुरस्कार सुरू केला.

हा पुरस्कार आपल्यापासून फार लांबचा नाही. १९९८मध्ये चेन्नईच्या सुंदरम क्लेटनला तो मिळाला, भारतीय कंपनीला पहिल्यांदाच. २००३मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर बनवणाऱ्या विभागाला मिळाला. कांदिवली आणि नागपूरला या विभागाचे कारखाने आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिटला जाऊन आलेल्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी कारखान्याच्या भिंतीवर ‘कायझेन’चे तक्ते पाहिलेले असतात. कायझेन म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा.

टोयोटाच्या कारखान्यातली एक गोष्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हमखास येते. गाड्या जोडल्या जातात त्या लाइनच्या बाजूने एक दोरी असायची. काही चुकतंय असं वाटलं की साध्या कामगारानेही ती ओढायची. ओढली की दिवा लागतो, टीमचा प्रमुख धावत येतो आणि गोष्ट जागच्या जागी सुटली नाही, तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून कामगाराला ओरडा बसत नाही. उलट चूक दिसूनही गप्प बसणं हा दोष मानला जातो.

आता आपला वर्ग आठवा. फळ्यावर तिसरी पायरी चालू आहे आणि आपण पहिल्याच पायरीला अडकलोय. मागच्या बाकावरची नजरानजर सांगते की अडकलेले आपण एकटे नाही. सर विचारतात, ‘कळलं ना सगळ्यांना?’ अख्खा वर्ग एका सुरात ‘होऽ सर’ म्हणतो. आपल्याकडे दोरी नाही, असलीच तर ओढायची हिंमत नाही. गाडी पुढे सरकत राहते आणि सुटलेला बोल्ट परीक्षेच्या दिवशी सापडतो.

नॅक, श्रेणी आणि रंगरंगोटी

कॉलेजांच्या क्वालिटीचा विषय सध्या चर्चेत आहे तो ‘नॅक’मुळे. १९९४मध्ये स्थापन झालेली, बेंगळुरूची ही संस्था कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देते. कॉलेजच्या गेटवर ‘ए प्लस’चा फलक दिसतो तो यामुळेच. पीअर टीम येणार म्हटलं की कॉलेजात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. भिंतींना रंग लागतो, स्वच्छतागृहांत पाणी येतं, लायब्ररीत नवी पुस्तकं दिसतात आणि ‘त्या दिवशी सगळ्यांनी फॉर्मल्समध्ये यायचं’ अशी नोटीस लागते.

ही पद्धत बदलावी, यावर आता सरकारी पातळीवरही एकमत आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून नॅकने जानेवारी २०२४मध्ये नव्या पद्धतीची घोषणा केली. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ या श्रेण्यांऐवजी आधी संस्था मान्यतेला पात्र आहे की नाही एवढंच ठरवायचं आणि पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी पाच पातळ्या. त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी २०२५मध्ये, सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना अटक केली. आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला वरची श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याचा आरोप होता.

या बातम्यांवर पद्धत पारदर्शक हवी, कागदपत्रं ऑनलाइन हवीत, अशी चर्चा झाली. ती बरोबरच आहे. पण श्रेणी गेली, पातळी आली, तपासणी प्रत्यक्ष भेटीऐवजी ऑनलाइन झाली, तरी ती शेवटचीच तपासणी राहते. कितीही प्रामाणिक तपासनीस काही वर्षांतून एकदा येऊन मंगळवारच्या अकराच्या लेक्चरला काय झालं, ते सुधारू शकत नाही. ते काम त्या वर्गात असलेल्यांनाच करता येतं. म्हणजे सर-मॅडमना आणि आपल्याला.

लाल मण्यांचा खेळ

मग चांगला फीडबॅक घेऊन ‘वाईट’ शिक्षक बदलले की झालं, असं वाटू शकतं. डेमिंग यांचं यावर एक प्रसिद्ध प्रात्यक्षिक होतं. एका खोक्यात ४००० मणी. त्यातले ८०० लाल, बाकी पांढरे. ५० खळगे असलेली एक फळी. श्रोत्यांतून ‘कामगार’ निवडायचे. प्रत्येकाने फळी खोक्यात बुडवून ५० मणी काढायचे. गिऱ्हाइकाला पांढरे हवेत, लाल म्हणजे खराब माल. कुणाचे सहा लाल निघत, कुणाचे चौदा. डेमिंग मग कडक साहेबाच्या थाटात सहावाल्याचं कौतुक करत, चौदावाल्याला झापत, ‘नीट काम करा’ अशा घोषणा लावत. पुढच्या फेरीत कौतुक झालेल्याचेच लाल मणी वाढत. सगळे हसत आणि मग मुद्दा लक्षात येई. खोक्यातच पाचातला एक मणी लाल असेल, तर कामगार कितीही मन लावून काम करो, लाल मणी निघणारच. दोष खोक्यात आहे आणि खोकं ठरवणं कामगाराच्या हातात नाही. उद्योगांतल्या ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून येतात, असा डेमिंग यांचा अंदाज होता.

आपल्या वर्गांतले लाल मणी कोणते? १२० जणांचा वर्ग. चालू-बंद होणारा प्रोजेक्टर. वर्षानुवर्षं न भरलेल्या जागा आणि त्यावर तासिका तत्त्वावर नेमलेले, म्हणजे सीएचबीचे, सर. त्यांना तासावर मानधन मिळतं, म्हणून ते सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या गावातल्या कॉलेजात शिकवतात. नव्या शैक्षणिक धोरणाने वाढलेले विषय आणि त्याच खोल्यांत बसवलेलं टाइमटेबल. यातलं काहीच फीडबॅक फॉर्मवर नसतं. तिथे असतं फक्त सरांचं नाव आणि त्यापुढे पाच गोल.

फॉर्मच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, हाही प्रश्नच आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले, यांचा मेळ लागतो का, हे पाहणाऱ्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. जवळपास काहीच मेळ सापडला नाही. २०१९मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फिजिक्सच्या वर्गांवरचा अभ्यास आणखी बोलका आहे. ज्या विद्यार्थ्यांना वर्गात स्वतः गणितं सोडवायला लावली, ते चाचणीत पुढे निघाले. पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते नुसतं छान लेक्चर ऐकणाऱ्यांना. डोक्याला ताण पडला की आपल्याला वाटतं कळत नाहीये. ओघवतं लेक्चर ऐकलं की वाटतं सगळं कळलं. म्हणून ‘सर कसे वाटले?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

कुठे अडलं, ते विचारा

बरोबर प्रश्न कोणता, हे जगभरच्या अनेक वर्गांत आधीच सापडलंय. तास संपायला दोन मिनिटं उरली की प्रत्येकाने अर्ध्या कागदावर, नाव न घालता, दोन ओळी लिहायच्या. आज नक्की काय कळलं? आणि कुठे अडलं? ‘मिनिट पेपर’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. खर्च शून्य. ना ॲप लागतं ना परवानगी.

यात वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे ६० तास. आठवड्याला चार तास धरले, तर तिसऱ्या आठवड्याअखेर १२ तास झालेले असतात आणि ४८ शिल्लक असतात. चिठ्ठी तेव्हा घेतली, तर सुधारायला चार पंचमांश सेमिस्टर हातात आहे. शेवटच्या आठवड्यात घेतली तर काहीच नाही.

समजा, एसवाय बीकॉमच्या वर्गात कॉस्ट अकाउंटिंगच्या तासाला अशा ६० चिठ्ठ्या जमल्या. सीआर आणि दोघं-तिघं बसून त्यांचे गठ्ठे करतात. २८ जण मार्जिनल कॉस्टिंगच्या गणितांना अडलेत, १४ जणांना मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, बाकीच्यांचं वेगवेगळं. लगेच दिसतं की दोन गठ्ठ्यांतच वर्गाचं बहुतेक दुखणं आलं. थोड्याच कारणांतून बहुतेक त्रास होतो, या अनुभवाला जोसेफ जुरान या क्वालिटीच्या दुसऱ्या गुरूंनी परेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाचं नाव दिलं. आपल्याला नाव लक्षात ठेवायची गरज नाही. मोठा गठ्ठा आधी उचलायचा, एवढं पुरे.

मग त्या गठ्ठ्याला ‘का?’ विचारायचं. टोयोटात एका अडचणीला पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे.

गणितं का येत नाहीत? कारण फिक्स्ड आणि व्हेरिएबल खर्चातला फरकच पक्का नाही. तो का नाही? तो शिकवला त्या तासाला निम्मा वर्ग नव्हता. का नव्हता? तो तास सकाळी सातचा आणि त्यानंतरचा थेट साडेदहाचा. लांबून येणारे पहिला तास सोडतात. तास सातलाच का? कारण सरांना नऊला दुसऱ्या कॉलेजात पोचायचं असतं. का? कारण ते सीएचबीवर आहेत आणि एका कॉलेजच्या तासांवर घर चालत नाही.

पहिल्या ‘का’वर थांबलो असतो, तर ‘पोरं अभ्यास करत नाहीत’ किंवा ‘सरांना शिकवता येत नाही’ यातलं एक उत्तर मिळालं असतं. पाचव्या ‘का’ला कळतं की सर आणि पोरं एकाच टाइमटेबलमध्ये अडकलेत. शिक्षकभरती काही एसवायचा वर्ग करू शकत नाही. पण सर एका तासातली २० मिनिटं ती संकल्पना पुन्हा घेऊ शकतात. फरक दाखवणारं एक सोडवलेलं उदाहरण ग्रुपवर टाकू शकतात. महत्त्वाचे भाग सातच्या तासाला घ्यायचे नाहीत, एवढं ठरवू शकतात. मागे बसणारे पुढे येऊ शकतात. आणि टाइमटेबलचा मुद्दा पुराव्यासह वर जाऊ शकतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठी. २८चे १० झाले, तर बदल लागू पडला. २८चे २६ राहिले, तर दुसरं काहीतरी करून बघायचं. ठरवा, करा, तपासा, सुधारा. हे चक्र डेमिंग यांनी वॉल्टर शूहार्ट यांच्याकडून घेतलं आणि जगभर पोचवलं. तेच शूहार्ट १९४७-४८मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले होते. म्हणजे कल्पना आपल्या दारात कधीच आली होती. ती कारखान्यात शिरली, वर्गात शिरली नाही.

भीती आधी जाऊ द्या

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ‘बोलायला सोपं आहे. इंटर्नल ज्यांच्या हातात, त्यांना कोण सांगणार?’ शंका रास्त आहे. भीती घालवा, हे डेमिंग यांच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांपैकी एक होतं ते यासाठीच. घाबरलेला माणूस खरी माहिती देत नाही. कॉलेजच्या ईमेलने लॉगिन करून भरायचा फॉर्म ‘गुप्त’ आहे, यावर आपण विश्वास ठेवत नाही आणि ‘व्हेरी गुड’ देऊन मोकळे होतो.

भीती एका बाजूलाच आहे असंही नाही. फॉर्मचे आकडे प्रमोशनच्या फाइलला लागणार असतील, तर सरही घाबरतात. मग सोपे पेपर, सढळ इंटर्नल आणि अपेक्षित प्रश्नांची यादी. दोघंही खूश आणि कुणीच काही शिकत नाही. म्हणून चिठ्ठीचे काही नियम हवेत. ती कागदावर, बिननावाची असावी. तासाबद्दल असावी, माणसाबद्दल नाही. ती सरांकडेच राहावी, ऑफिसच्या फाइलमध्ये जाऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या तासाला सरांनी उत्तर द्यावं : तुम्ही हे सांगितलंत, यातलं हे मी बदलतोय, हे माझ्या हातात नाही. उत्तर मिळालं नाही, तर तिसऱ्या वेळी कुणी चिठ्ठी लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र कारखान्यासारखी नाही. बोल्टला स्वतः काही करावं लागत नाही, आपल्याला करावं लागतं. विद्यार्थी म्हणजे काही कॉलेजचं गिऱ्हाईक नाही आणि कॉलेजचा मालही नाही. शिकणं सर आणि आपण मिळून घडवतो. म्हणून चिठ्ठीत तिसरी ओळही असावी : या आठवड्यात मी काय केलं नाही? तास बुडवले, गणित स्वतः न सोडवता फोटो काढून घेतला, पुस्तक उघडलंच नाही. हे लिहायला जड जातं. पण सरांना आरसा दाखवायचा असेल, तर त्यात आपणही दिसणार.

या महिन्यात करता येईल असं

आपला आवाज पोचवायची अधिकृत जागाही आहे, फक्त तिची माहिती नसते. नॅक-मान्यताप्राप्त कॉलेजात ‘आयक्यूएसी’ नावाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष असतो. नॅकच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असायला हवा आणि दर तीन महिन्यांनी किमान एक बैठक व्हायला हवी. फीडबॅकचं विश्लेषण आणि त्यावर काय कार्यवाही केली, ते कॉलेजच्या वेबसाइटवर टाकणंही मूल्यांकनात धरलं जातं. आज संध्याकाळी आपल्या कॉलेजची वेबसाइट उघडा. आपला प्रतिनिधी कोण, ते शोधा. आपण मागच्या वर्षी भरलेल्या फॉर्मचं काय झालं, ते वाचा. सापडलं नाही, तर कक्षाच्या समन्वयकांना नम्रपणे विचारा. प्रतिनिधी कोण हेच कुणाला माहीत नसेल, तर पुढच्या वर्षी ते नाव तुमचं असू शकतं.

नॅकचा स्वतःचाही एक सर्व्हे असतो, विद्यार्थ्यांना थेट पाठवलेला. त्यात २० प्रश्न पर्यायांचे आणि शेवटचा मोकळा : शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना द्या. ईमेल आला तर ही जागा रिकामी सोडू नका. ‘ऑल गुड’ लिहू नका. ‘मंगळवारी सातनंतर थेट साडेदहाला तास असतो, त्यामुळे निम्मा वर्ग पहिला तास सोडतो’ असं लिहा. असं वाक्य टाळणं कुणालाही अवघड जातं.

पण ते सगळं नंतर. आधी एका सरांना किंवा मॅडमना गाठा, ज्यांच्याशी तुमचं बरं जमतं. म्हणा, ‘सर, शुक्रवारी तास संपायच्या आधी दोन मिनिटं द्याल का? कुठे अडलं ते आम्ही लिहून देतो.’ बहुतेक सर नाही म्हणणार नाहीत. ‘होऽ सर’ ऐकून वर्गाला खरंच कळलंय का, हा प्रश्न त्यांनाही रोज पडतच असतो.